‘ब्रिक अँड मोटर’ नावाचं दुकान

प्रश्न : बाई, आमचं सांगलीत शाळेच्या पुस्तकांचं आणि स्टेशनरीचं दुकान आहे, वडिलांनी काढलेलं. आता वेबसाइट करतोय. ती बनवणाऱ्या मुलाने इंग्रजीत आमची ओळख लिहून दिली. पहिलंच वाक्य आहे, ‘वी आर अ ब्रिक अँड मोटर शॉप सिन्स १९६८.’ पुतणी म्हणते, मोटर नाही, मॉर्टर. धाकटा भाऊ म्हणतो, मोटरच बरोबर. आपल्याकडे दुकानही आहे आणि शाळांना माल पोचवायला टेम्पोही. घरात दोन तट पडलेत. निकाल द्या.
– एक दुकानदार, सांगली

उत्तर : निकाल पुतणीच्या बाजूने. भावाचा युक्तिवाद झकास आहे, माझ्या वर्गात असता तर तोंडी परीक्षेला दोन मार्क जास्त दिले असते, पण शब्द मॉर्टरच. स्पेलिंग एम-ओ-आर-टी-ए-आर. मधला आर गाळायचा नाही आणि शेवटी ई-आर नाही, ए-आर.

मॉर्टर म्हणजे बांधकामावरचा ‘माल’. घराचं काम चालू असताना गवंडी वरून ओरडतो ना, ‘अरे, माल आण की!’ आणि बिगारी घमेलं घेऊन धावतो, तोच. वाळू आणि सिमेंट आधी कोरडंच कालवायचं, मध्ये आळं करून पाणी सोडायचं आणि फावड्याने कडेचं आत ओढत राहायचं. नऊ इंची भिंतीला एक भाग सिमेंटला सहा भाग वाळू, चार इंचीला एकास चार. पूर्वी सिमेंटच्या जागी चुना असे आणि तो बैल जुंपलेल्या घाण्यात मळून घेत. थापीने हा माल पसरायचा, त्यावर वीट बसवायची, थापीच्या दांड्याने ठोकून पातळीत आणायची. वीट आणि माल, म्हणजे ब्रिक आणि मॉर्टर, या दोहोंनी उभं केलेलं, पायऱ्या चढून आत जाता येतं असं दुकान ते ब्रिक-अँड-मॉर्टर शॉप. टेम्पोचा संबंध नाही.

वेबसाइटवाल्या मुलाला फार बोलू नका. ही चूक इंग्रजी मायबोली असलेले लोकही सर्रास करतात. इंग्लंडात मॉर्टरमधला आर बहुतेक ठिकाणी ऐकूच येत नाही, आणि ‘मोटर’ हा पुन्हा स्वतंत्र, शुद्ध शब्द. त्यामुळे कॉम्प्युटर त्याच्याखाली लाल रेघ मारत नाही. शब्द बरोबर, जागा चुकलेली. असल्या चुका माणसानेच पकडाव्या लागतात. तुमच्याकडे पुतणी आहे, काळजी नाही.

आता वाक्याकडे वळते, कारण माझी खरी तक्रार तिथे आहे. मोटरचं मॉर्टर केलंत तरी ते वाक्य चुकीचंच राहणार. एक, ‘वी आर… सिन्स’ असं इंग्रजीत होत नाही. तेव्हापासून आजपर्यंत चालू असलेल्या गोष्टीला ‘हॅव बीन’ किंवा ‘हॅज बीन’ लागतं. मराठीत ‘आम्ही १९६८ पासून आहोत’ हे चालतं, म्हणून आपला हात ‘आर’कडे जातो. कॉमर्सच्या मुलांच्या अर्जांमध्ये ‘आय अ‍ॅम वर्किंग सिन्स’ खोडून खोडून माझ्या लाल पेनांच्या रिफिली संपल्या.

दुसरी गोष्ट जास्त गमतीची. १९६८ साली तुमच्या वडिलांचं दुकान ‘ब्रिक-अँड-मॉर्टर’ नव्हतं, ते नुसतं दुकान होतं. हे विशेषण दुकानाला चिकटलं ते इंटरनेटवर विक्री सुरू झाल्यावर. १९९५ च्या जुलैमध्ये अ‍ॅमेझॉनने ऑनलाइन पुस्तकं विकायला सुरुवात केली, तशा आणखीही कंपन्या निघाल्या, आणि मग ‘तसलं नव्हे, आपलं नेहमीचं दुकान’ असं सांगायला काहीतरी हवं होतं म्हणून इंग्रजीने बांधकामावरचा हा जुना जोडशब्द उचलला. पोल्ट्रीची अंडी येण्याआधी आपल्याकडे गावरान अंडी कुठे होती? अंडी होती. मोबाइल येईपर्यंत लँडलाइन कुणी म्हणत नव्हतं, नुसता फोन म्हणत. तेव्हा ‘ब्रिक-अँड-मॉर्टर सिन्स १९६८’ वाचलं की मला ‘आमच्याकडे १९५० पासून लँडलाइन आहे’ असं ऐकल्यासारखं होतं. व्याकरणाने फाशी देता येणार नाही, पण कानाला खटकतं.

मी असं लिहीन : ‘अवर शॉप हॅज बीन इन सांगली सिन्स १९६८. नाऊ यू कॅन ऑर्डर ऑनलाइन टू.’ एवढंच. दुकान म्हटलं की दुकान कळतं, ऑनलाइन म्हटलं की ऑनलाइन. पुढे कुठे दोन्हींत फरक दाखवायचा असेल, समजा ‘ऑनलाइन घेतलेली वही दुकानात बदलून मिळेल’ असा नियम, तर तिथे हे विशेषण शोभतं. तरी मी म्हणेन, त्या जागी पत्ता द्या. मिरजेहून आलेल्या बाईला तुमच्या भिंती विटांच्या आहेत की कशाच्या याच्याशी देणंघेणं नाही. तिला गल्ली कुठली, खूण काय, दुकान बंद कुठल्या वारी आणि दुपारी शटर ओढता का, एवढं सांगा.

प्रश्न : मी एम. कॉम.ला आहे. माझ्या प्रकल्पाचं इंग्रजी शीर्षक ‘इम्पॅक्ट ऑफ ई-कॉमर्स ऑन ब्रिक & मॉर्टर्स इन नाशिक’ असं होतं. सरांनी ‘ब्रिक & मॉर्टर्स’वर गोल काढून परत दिलं, कारण सांगितलं नाही. इंटरनेटवर कुठे ब्रिक आहे, कुठे ब्रिक्स, कुठे मधे रेघा आहेत, कुठे नाहीत. एकदाचं काय ते सांगा, बाई. गुरुवारी सबमिशन आहे.
– एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : गुरुवार म्हणजे घाई आहे, तर आधी शीर्षक घे : ‘द इम्पॅक्ट ऑफ ई-कॉमर्स ऑन ब्रिक-अँड-मॉर्टर स्टोअर्स इन नाशिक’. हे दे आणि निर्धास्त हो. आता कारणं. सरांनी सांगितली नाहीत ते बरंच झालं, मला आयतं खाद्य मिळालं.

‘मॉर्टर्स’ होत नाही. वाळू-सिमेंटचा माल मोजता येत नाही, घमेली मोजता येतात. अनेकवचन करायचं ते दुकानांचं : स्टोअर्स, शॉप्स, आउटलेट्स. तुझ्या शीर्षकात तोच शब्द गळालाय. विशेषण ठेवलंस आणि ज्याचं विशेषण तेच सोडलंस. ऑफिसांत बोलताना लोक ‘आमचे तीन ब्रिक-अँड-मॉर्टर’ म्हणतात, पण बोलणं वेगळं आणि बांधून, सोनेरी अक्षरं छापून ग्रंथालयात ठेवायचं वेगळं.

मधल्या रेघा म्हणजे हायफन. तीन शब्द मिळून नामाच्या आधी एकच विशेषण होतं तेव्हा ते हायफनने बांधतात : ब्रिक-अँड-मॉर्टर स्टोअर. बांधले नाहीत तर वाचणारा क्षणभर अडखळतो, ‘ब्रिक’ एकीकडे आणि ‘मॉर्टर स्टोअर’ दुसरीकडे असं होतं, जणू सिमेंटचं दुकान. तेच शब्द क्रियापदानंतर आले, ‘द बिझनेस इज मेनली ब्रिक अँड मॉर्टर’, तर बहुतेक संपादक हायफन काढून टाकतात. कुणी ठेवलेच तर मी भांडायला जाणार नाही.

ब्रिक की ब्रिक्स? अमेरिकन लोक विशेषण करताना ‘ब्रिक-अँड-मॉर्टर’ लिहितात, ब्रिटिशांचा कल ‘ब्रिक्स-अँड-मॉर्टर’कडे आहे. दोन्ही शुद्ध. तुझ्या प्रकल्पाचं बाकीचं स्पेलिंग ज्या पद्धतीचं आहे त्याच्याशी जुळतं ते घे. पाहिजे ते घे, पण पान तीनवर ब्रिक आणि पान चाळीसवर ब्रिक्स असं नको. परीक्षकाला त्यावरून कळतं की पान तीन एकीकडून उचललंय आणि पान चाळीस दुसरीकडून. हे मी परीक्षक म्हणूनच सांगतेय.

आणि ते ‘&’ चिन्ह. ते दुकानाच्या पाटीवर, भागीदारीच्या नावात छान दिसतं, ‘अमुक & सन्स’. प्रबंधाच्या शीर्षकात ‘अँड’ अक्षरांनी लिही. शीर्षकातल्या शब्दांची पहिली अक्षरं मोठी घेतेस तेव्हा ब्रिकचा बी मोठा, मॉर्टरचा एम मोठा, मधला अँड लहानच.

सर जर म्हणाले की सरकारी कागदांत हायफन नसतात, तर ते खरं आहे. २०१९ मध्ये केंद्र सरकारने एकाच ब्रँडचा किरकोळ व्यापार करणाऱ्या परदेशी कंपन्यांना सवलत दिली. आधी ऑनलाइन विक्री सुरू केली तरी चालेल, मात्र दोन वर्षांत प्रत्यक्ष दुकान उघडलं पाहिजे. त्या आदेशात ‘ब्रिक अँड मॉर्टर स्टोअर्स’ असंच आहे, हायफनविना. तू तो आदेश अवतरणात देणार असलीस तर जसाच्या तसा दे, तिथे आपले हायफन घुसडू नकोस. स्वतःच्या वाक्यात घाल. आणि तो आदेश तुझ्या विषयाला लागू आहे, संदर्भात घेतला नसशील तर घे.

विषय निघालाच आहे तर आणखी एक. प्रकरण दोनमध्ये ‘फिजिकल ब्रिक-अँड-मॉर्टर स्टोअर्स’ असं लिहिलं असशील, तुमच्या पिढीचा आवडता प्रयोग आहे तो. फिजिकल म्हटलंस की ब्रिक-अँड-मॉर्टर नको, आणि उलटही तसंच. एकाच पानावर हा शब्द सात वेळा येत असेल तर पहिल्यांदा पूर्ण लिही, पुढे ‘शॉप्स’ म्हण. शब्द नेमका कुठे लागतो याचा नमुना हवा असेल तर हा बघ : अ‍ॅमेझॉनने २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये सिअ‍ॅटलला पुस्तकांचं दुकान उघडलं. ते ‘अ‍ॅमेझॉन्स फर्स्ट ब्रिक-अँड-मॉर्टर बुकस्टोअर’. इथे विशेषण काढून ‘अ‍ॅमेझॉन्स फर्स्ट बुकस्टोअर’ ठेवलं तर वाक्य खोटं होतं, कारण पुस्तकं ते वीस वर्षं विकतच होते. विशेषण काढल्यावर वाक्य बिघडत असेल तर ते ठेवायचं. (ती सगळी पुस्तकदुकानं बंद करत असल्याचं २०२२ मध्ये त्यांनी जाहीर केलं. निष्कर्षाच्या प्रकरणात वापरता येईल तुला.)

प्रश्न : मोबाइलवरच्या भाषांतराने एका इंग्रजी बातमीतल्या ‘ब्रिक-अँड-मॉर्टर शॉप’चं ‘वीट आणि तोफ दुकान’ केलं. शब्दकोशात पाहिलं तर मॉर्टर म्हणजे खलही दिलाय. तीन वेगळे शब्द आहेत की एकच?
– एक औषधविक्रेते, सातारा

उत्तर : मूळ एकच. लॅटिनमध्ये ‘मॉर्टेरियम’ म्हणजे कुटायचं, घोटायचं भांडं, तुमच्या व्यवसायातला खल. त्या भांड्यात जे कालवलं जाई त्यालाही तेच नाव पडलं, तो गवंड्याचा माल. आणि आखूड, रुंद तोंडाची उखळी तोफ त्या भांड्यासारखी दिसते, म्हणून तीही मॉर्टर. आपणही तिला उखळावरूनच उखळी म्हणतो, म्हणजे दोन्हीकडच्या तोफखान्यांचे डोळे सारखेच चालले. भाषांतरयंत्राने तिन्हींतला नेमका युद्धाचा अर्थ उचलला. मराठी बातमीत साधं ‘दुकान’ म्हणा, ऑनलाइनपासून वेगळं काढायची गरज असेल तर ‘प्रत्यक्ष दुकान’.

प्रश्न : नमस्कार बाई. लग्नानंतर लीड्सला आले, आता एका कपड्यांच्या कंपनीच्या ऑफिसात आहे. ईमेलमध्ये ‘अवर ब्रिक अँड मॉर्टर ब्रँचेस’ लिहिलं, तर मॅनेजरने ब्रिकला एस लावला आणि हायफन घातले. त्याच आठवड्यात शेजारचे आजोबा म्हणाले, ‘ऑल अवर मनी इज इन ब्रिक्स अँड मॉर्टर.’ मला वाटलं, यांचा विटा-सिमेंटचा धंदा असणार. नवरा अजून हसतोय. असं का?
– एक वाचक, लीड्स

उत्तर : नवऱ्याला म्हणावं, हसू नका. आजोबा जुन्या अर्थाने बोलले, आणि तुम्हाला नवा अर्थ आधी भेटला, एवढंच झालं.

ब्रिटनमध्ये ‘ब्रिक्स अँड मॉर्टर’ म्हणजे घरदार, स्थावर. पैसा शेअरमध्ये नाही, बँकेत नाही, घरात घातलाय, असं सांगायचं असलं की ते हेच म्हणतात. आपल्याकडे ‘सगळी पुंजी घरात ओतली’ म्हणतात, त्यातलाच प्रकार. दुकानाचा अर्थ याच्या मागून आला. घराच्या अर्थाने तो नाम असतो : एस हवाच, हायफन अजिबात नको, आणि दोन शब्द असूनही पुढे बहुधा एकवचनी ‘इज’ येतं, ‘ब्रिक्स अँड मॉर्टर इज सेफ’. दुकानाच्या अर्थाने विशेषण झालं की हायफन. तुमच्या मॅनेजरने ईमेलमध्ये जे केलं ते तिथल्या रिवाजाला धरून आहे, मान्य करून टाका. उद्या न्यू जर्सीच्या नणंदेला लिहाल तेव्हा एस काढलात तरी ती काही म्हणणार नाही.

मात्र मॅनेजरही ज्यात अडकतात असं एक सांगून ठेवते. कंपनीच्या मालमत्तेबद्दल लिहिताना, म्हणजे इमारत विकत घ्यायची की भाड्याने, अशा ईमेलमध्ये ‘इन्व्हेस्टिंग इन ब्रिक्स अँड मॉर्टर’ लिहिलंत तर दोन अर्थ निघतात : नवीन दुकानं उघडणार, की जागा विकत घेणार? तिथे सरळ ‘ओपनिंग शॉप्स’ किंवा ‘बाइंग प्रॉपर्टी’ लिहा. पैशाच्या वाक्यात अलंकार नकोत.

आणि वेळ वाचवायला ‘बी अँड एम’ असं लघुरूप करू नका. इथे भारतातल्या ऑफिसांत ते खपून जातं, पण तुमच्या गावात ते स्वस्त वस्तूंच्या मोठ्या दुकानसाखळीचं नाव आहे. ‘अवर बी अँड एम सेल्स आर डाउन’ वाचून कुणी विचारेल, तुम्ही तिथे कधीपासून कामाला लागलात?

प्रश्न : आमचा हापूसचा धंदा. घरच्या बागेतला आंबा एप्रिल ते जून हमरस्त्याला मांडव घालून विकतो, वर पत्रा, खाली फळ्या. ऑनलाइन विक्रीसाठी एका कंपनीचा फॉर्म भरतोय. त्यात प्रश्न आहे, ‘डू यू हॅव अ ब्रिक & मॉर्टर आउटलेट? येस / नो.’ विटा नाहीत, सिमेंट नाही. नो लिहू? मग ते आम्हाला दुकानदार धरणार नाहीत, अशी भीती वाटते.
– एक बागायतदार, रत्नागिरी

उत्तर : शब्दशः विटा कुणी मोजत नाही. मॉलमधल्या काचेच्या शोरूमला तरी कुठे विटा दिसतात? तिलाही ब्रिक-अँड-मॉर्टरच म्हणतात. फॉर्मवाल्यांना बहुतेक हे हवंय : वर्षभर एका ठरलेल्या पत्त्यावर तुम्ही सापडता का, तिथे माल परत घेऊन गिऱ्हाईक येऊ शकतं का, त्यांचा माणूस येऊन बघू शकतो का. तुमचा मांडव पावसाळ्यात निघतो. तेव्हा मांडवाच्या भरवशावर ‘येस’ लिहू नका, जुलैत कुणी तपासायला आलं तर पंचाईत.

पण बागेत किंवा घराला लागून पेट्या भरायची खोली असेल, तिथे गिऱ्हाईक येऊन पेटी घेऊन जात असेल, आणि परवाना, बिलं त्या पत्त्यावर असतील, तर तेच तुमचं आउटलेट. ‘येस’ लिहा आणि तोच पत्ता द्या. तसं नसेल तर ‘नो’ लिहून शेऱ्याच्या रकान्यात एक ओळ घाला : ‘सीझनल रोडसाइड स्टॉल, एप्रिल टू जून, ऑन द हायवे’, पुढे गावाचं नाव. ‘टेम्पररी शॉप’ लिहू नका, त्याने धंदाच तात्पुरता वाटतो. ‘सीझनल’मध्ये तो दरवर्षी होतो हे येतं. रकानाच नसेल तर त्यांच्या मदत क्रमांकावर फोन करून विचारा आणि जे सांगतील ते ईमेलवर मागून घ्या. फॉर्मवरचा ‘&’ त्यांचा आहे, तो तुम्ही सुधारू नका.